अटी लागू

'बॉन्ड' हा शब्द आमच्या क्षेत्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कंपनी ट्रेनिंग देते आणि त्या बदल्यात तुम्ही अमुक महिने नोकरी सोडणार नाही असं लिहून देता. सोडली तर एवढे एवढे पैसे भरा. कॅम्पसमधून लागलेल्या पोराला तेव्हा त्या कागदाचं काही वाटत नाही. सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. कागदाचं वजन कळतं ते नंतर.

असाच एक बॉन्ड ४ जून १९१३ रोजी बडोद्यात झाला होता. सही करणारा मुलगा बावीस वर्षांचा. एल्फिन्स्टन कॉलेजचा ताजा बी.ए., चार महिन्यांपूर्वीच वडील गेलेले. बडोदा संस्थान त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होतं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी, की ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची.

मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्या शिष्यवृत्तीला करार होता, त्यात अट होती आणि त्या अटीचं पुढे काय झालं, हे धड्यात नसतं. गेले काही वीकांत मी हेच शोधत बसलोय. शिकायला पैसे मागायचा अर्ज आपल्याकडे कसकसा बदलत गेला? देणाऱ्याने बदल्यात काय मागितलं? आणि ती अट पाळायची जबाबदारी कुणावर पडली? पैशाचा आकडा सगळे सांगतात. मला उत्सुकता होती ती आकड्याखालच्या बारीक अक्षरातल्या मजकुराची.

चला तर मग, जरा मागे जाऊया.

*

पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जायची. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि नंतर ती पेशव्यांनी चालू ठेवली. दूरदूरहून ब्राह्मण यायचे. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात गर्दी व्हायची. मोठ्या शास्त्र्यांची विद्वत्ता पारखून त्यांना जास्त रक्कम मिळे, बाकीच्यांना सरसकट थोडी थोडी. म्हणजे 'मेरिट' आणि 'जनरल' असे दोन गट तेव्हाही होतेच म्हणायचे! अट मात्र मुळातच ठरलेली होती. अर्जदार ब्राह्मण असला पाहिजे. ही अट कुठे लिहिलेली नव्हती, कारण लिहायची गरजच नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांपुढे प्रश्न आला, की या दक्षिणेचं करायचं काय? एकदम बंद केली तर पुणं खवळणार. एल्फिन्स्टनसाहेब हुशार गडी. त्याने खर्च कमी केला आणि त्यातला काही भाग शिक्षणाकडे वळवला. ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजची वंशावळ काढली तर या पाठशाळेपर्यंत जाते. विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळे. पण दार सुरुवातीला ब्राह्मणांपुरतंच उघडं होतं. सरकार बदललं तरी पात्रतेचा निकष जुनाच राहिला. (जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर हलवताना जुने नियम तसेच उचलून आणतात ना, अगदी तसंच.)

मग १८४९ च्या सुमाराला एक गंमत झाली. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि त्यांच्या मताच्या काही मंडळींनी सरकारला एक अर्ज केला. एकूण ३९ सह्या. मागणी अशी, की दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, भाषांतरं करणाऱ्यांना द्या आणि त्यात जात बघू नका. पुण्यात गदारोळ उठला. सह्या करणाऱ्यांना धमक्या आल्या. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत जोतीराव फुले होते. शेवटी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच फंडातून कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघंही दक्षिणा फेलो होते.

मला या ३९ जणांचा अर्ज फार आवडतो. एरवी अर्ज म्हणजे 'मी तुमच्या अटीत बसतो, कृपया मला द्या.' हा अर्ज म्हणत होता, 'तुमची अटच बरोबर नाही, ती बदला.' असे अर्ज इतिहासात फार थोडे सापडतात.

*

दुसरी गोष्ट एका फसलेल्या अर्जाची. आनंदीबाई जोशांची.

हिला शिकवायचंच या ध्यासाने पछाडलेल्या गोपाळराव जोशांनी कोल्हापुरात असताना अमेरिकेत मदत मिळवण्यासाठी मिशनऱ्यांकडे खटपट केली. रॉयल वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. वाइल्डरसाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की मदतीचं बघू, पण आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा विचार करा. जोशी दांपत्याने नकार दिला. अर्ज बाद!

पण वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मिशनरी मासिकात छापला. १८८० मध्ये तो अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. कुठे? तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना. बाईंनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रातून स्नेह जुळला आणि १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये लिहिलेलं प्रवेशाचं पत्र आजही जपलेलं आहे. माझी तयारी तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या करण्याइतकी नसेल, हे त्या त्यात सरळ मान्य करतात. आणि पुढे म्हणतात, की घरच्यांचा, जातीचा विरोध सोसून मी इथवर आले, तो निश्चय विचारात घ्या. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. वय वर्षं अठरा! कॉलेजने त्यांना घेतलं. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. वर्षही पुरतं उलटलं नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने गेल्या.

इथे दोन देणारे दिसतात. एकाने आधी अट सांगितली. दुसरीने आधी विचारलं, की तुला काय हवंय. पहिल्याला दुष्ट म्हणायचं कारण नाही, मिशनचा पैसा मिशनच्या कामासाठीच असणार. पण आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्या दुसरीमुळे. आणि ती भेटली निव्वळ योगायोगाने. दातदुखीच्या योगायोगावर किती जणींनी विसंबून राहायचं?

*

योगायोग काढून टाकून त्या जागी व्यवस्था आणायची म्हणजे काय, हे १८९२ मध्ये जमशेदजी टाटांनी दाखवलं. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांनी जे. एन. टाटा एन्डाउमेंट स्थापन केलं. सुरुवातीला पारशांसाठी, पण दोनच वर्षांत ते सगळ्या भारतीयांसाठी खुलं केलं. पहिल्या लाभार्थींत दोन बायका होत्या, डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. म्हणजे आनंदीबाई गेल्या त्यानंतर पाचच वर्षांत तशाच मुलींसाठी एक रीतसर खिडकी उघडली होती.

टाटांची अट वेगळीच होती. हे दान नाही, कर्ज आहे. शिकून कमवायला लागलात की परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला देता येईल. मला तरी ही अट माणसाचा मान ठेवणारी वाटते. ती तुमची निष्ठा मागत नाही, कृतज्ञताही मागत नाही, फक्त हप्ता मागते. पुढे के. आर. नारायणन लंडनला आणि जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटा स्कॉलर म्हणूनच. आणि हा निधी आजही चालू आहे.

(बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा नमुना आपल्याकडे २००१ मध्ये आला. चार लाखांपर्यंत तारण नको आणि हप्ते कोर्स संपल्यावर, ही त्याची रचना. तत्त्व तेच, फक्त व्याज बँकेचं.)

आता याच्या बरोब्बर उलट टोकाची अट बघा. १९०५ मध्ये लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. पॅरिसचे जवाहिऱ्या सरदारसिंह राणा यांनी त्यात आणखी तीन शिष्यवृत्त्यांची भर घातली, प्रत्येकी दोन हजार रुपयांच्या. त्यातली एक शिवाजी महाराजांच्या नावाची. ती टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि १९०६ मध्ये ते बॅरिस्टरी करायला लंडनला गेले. अट काय? तर शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही!

म्हणजे १९०६ चा एक करार म्हणतो, 'शिकून सरकारी नोकरी करू नकोस.' १९१३ चा दुसरा म्हणतो, 'शिकून आमच्याच सरकारात नोकरी कर.' दोन्हीकडे पैसा शिक्षणासाठी आहे आणि दोन्हीकडे विद्यार्थ्याची पुढची वर्षंही त्या पैशात धरलेली आहेत. देणाऱ्याला देश कसा हवाय हे शिष्यवृत्तीच्या अटीत बघावं. त्याच्या भाषणांपेक्षा तिथे ते जास्त स्वच्छ दिसतं.

*

तर आता त्या १९१३ च्या करारावर परत येऊ.

आधी हे म्हटलं पाहिजे, की सयाजीरावांनी जे केलं ते त्या काळात दुसरं कुणी करत नव्हतं. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बी.ए. साठी महिना पंचवीस रुपये त्यांनीच दिले होते. अमेरिकेचा खर्चही त्यांनीच केला. दहा वर्षं नोकरीची अट हीसुद्धा त्यांच्या बाजूने वाजवीच. संस्थानाला शिकलेली माणसं हवी होती.

आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. १९१५ मध्ये एम.ए., मग पीएच.डी.चा प्रबंध. १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. आणि इथे शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा राहिला, पण करारात 'अभ्यास अर्धा' असा रकाना नव्हता. १९१७ मध्ये परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन उरलेलं पुरं करा, एवढी सवलत विद्यापीठाने दिली हे नशीब. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणबुडीने बुडवली. नुकसानभरपाईचे सुमारे सहाशे रुपये मिळाले, त्यातून बडोद्याला जायचा खर्च निघाला.

सप्टेंबर १९१७. करार पाळायला माणूस हजर झाला. पीएच.डी. चा प्रबंध लिहिलेला, कोलंबियात शिकलेला. आणि बडोद्यात त्याला राहायला खोली मिळेना. कुठलंही हिंदू हॉटेल घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, दिवसाला दीड रुपया. तिथे अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. पाच तास एका बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा, पुस्तिका छोटीशीच आहे.

करारात विद्यार्थ्याने काय करायचं हे लिहिलं होतं. बडोद्याने काय करायचं हे पैशापलीकडे लिहिलेलंच नव्हतं. दहा वर्षं चाकरी करणाऱ्या माणसाला राहायला छप्पर लागेल, कचेरीत माणसासारखी वागणूक लागेल, हे गृहीत धरलेलं होतं. इतर कुठल्याही पदवीधराच्या बाबतीत ते गृहीत चाललंही असतं. नेमकं याच्याच बाबतीत चाललं नाही. आणि बॉन्ड मोडला म्हणून नाव लागलं ते मात्र विद्यार्थ्याचं.

पुढचं शिक्षण कसं झालं? १९१८ ते १९२० मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी हातभार लावला. आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. १९२० मध्ये परत लंडन, १९२३ मध्ये डी.एस्सी. प्रबंधाचा विषय 'रुपयाचा प्रश्न'. रुपयाचा प्रश्न त्या माणसाला किती बाजूंनी ठाऊक होता, हे वेगळं सांगायला नको.

*

करारात जे राहून गेलं होतं, ते छप्पर आणि ते जेवण, नेमकं तेच काम तिकडे कोल्हापुरात आधीपासून सुरू होतं.

गावाकडच्या मुलाला शहरात शिकायचं तर फी ही दुय्यम अडचण असते. पहिली अडचण म्हणजे, राहायचं कुठे आणि खायचं काय? पुण्यातल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी यावर जुना तोडगा होता. वार लावून जेवायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नाहीतर माधुकरी. त्यात अपमान होता, उपासही होता, पण निदान सात घरं तरी होती. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान पोरांना ही सोय कुठली? आणि अस्पृश्य मुलाला तर कुणी उंबऱ्याशीही उभं करत नव्हतं.

शाहू महाराजांनी हे ओळखलं. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं निघाली. मराठा, जैन, मग मुसलमान, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहं का, म्हणून आज आपण नाक मुरडू शकतो. पण तेव्हा एका पंगतीला बसायला कुणी तयार नव्हतं आणि पोरांची शिकायची वर्षं तर निघून चालली होती.

त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह चालवलं. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांना खायला घालायला घरात काही उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. अट इथेही होती. शेतात राबायचं, खडी फोडायची, पडेल ते काम करायचं. पण ही अट आत्ताच्या घामाची होती. ती कुणाच्या पुढच्या दहा वर्षांवर बोजा टाकत नव्हती आणि 'मी गरीब आहे' असं कुणापुढे शाबीत करायलाही लावत नव्हती. कुदळ उचलली की झाला अर्ज!

*

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंना एक निवेदन दिलं. त्यातली एक मागणी शिष्यवृत्त्यांची होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसे द्या. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आजची 'पोस्ट मॅट्रिक' ती हीच.

मला हा या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा बदल वाटतो. महाराजांच्या मर्जीवर आणि मित्राच्या कर्जावर शिकलेल्या माणसाने पुढच्या मुलांसाठी मर्जीच काढून टाकली. आता केळुसकर गुरुजींसारखं कुणी ओळखीचं नको, कुणाच्या भेटीची वेळ नको, चाकरीचा करार नको. तुम्ही निकषात बसता, तर पैसे तुमचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ईबीसी सवलत आणली, तेव्हा उत्पन्नाच्या निकषावर इतर गरीब घरांतली मुलंही त्यात आली. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मामा ईबीसीवर शिकलेत. घरी विचारून बघा.

मग सगळं छानच झालं म्हणायचं का?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले, एवढा फॉर्म भरून द्या," असं मावशी म्हणाल्या, म्हणून रविवारी लॅपटॉप उघडून बसलो. मुलगी हुशार, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. अडलं कुठे? तर दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. एक 'ए' जास्त. बस्स. तो 'ए' काढायला तिचे चार हेलपाटे झाले आणि मावशींच्या चार दिवसांच्या खाड्याचे पैसे गेले. पाच घरची रोख मजुरी कागदावर कशी दाखवायची, तो घोळ निराळाच.

बरं, अर्ज मंजूर झाला तरी पैसे येणार वर्ष सरत आल्यावर. कॉलेजला फी हवी होती ऑगस्टमध्ये. "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू," म्हणाले. जिच्याकडे पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती, तिनेच आधी पैसे भरायचे! कुठल्याही प्रोग्रॅमरला हा डेडलॉक लगेच दिसेल. शेवटी सोसायटीतल्या चार जणांनी मिळून पहिला हप्ता भरला. शिष्यवृत्ती मार्चमध्ये आली आणि मुलीने हिशेबाने सगळ्यांचे पैसे परत केले. मला त्या दिवशी नवल भथेना आठवले. हक्काची योजना सुरू होऊन ऐंशी वर्षं झाली, तरी मधल्या सात महिन्यांसाठी मित्राचे पाच हजार लागतातच.

हे सगळं वाचून माझ्या मनात जे जुळलं ते असं. निष्ठेची अट गेली, धर्माची गेली, चाकरीची गेली. पण अट संपली नाही, तिने रूप बदललं. आता ती पुराव्याची अट आहे आणि थांबून राहण्याची. तपासणी नको असं मी म्हणत नाही. सरकारी पैसा आहे, खोटे दाखले काढणारेही आहेत. पण चूक झाली तर भुर्दंड कुणाला, हा प्रश्न १९१७ चाच आहे. यंत्रणेची दिरंगाई असो, स्पेलिंगचा घोळ असो, किंवा बडोद्यात खोली न मिळणं असो, भरपाई करतो तो अर्जदार. करारात दुसऱ्या बाजूचा रकाना अजूनही कोराच आहे.

सुधारणा होत नाहीत असंही नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी स्वाधार योजना राज्याने २०१६-१७ पासून आणली, म्हणजे शाहू महाराजांचा मुद्दा पुन्हा एकदा पटला. वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. चांगलंच आहे. पण सरकार कधी सुधारेल याची वाट बघत असताना आपल्या हातात असलेलं एक काम आहे, ते सांगतो आणि थांबतो.

आपल्यातले बरेच जण आता देणाऱ्यांच्या बाजूला आहेत. कुणी ट्रस्टला देतं, कुणी जुन्या कॉलेजच्या फंडात, कुणी ऑफिसच्या सीएसआर समितीत बसून अर्ज तपासतं. तिथे आपणही फॉर्म बनवतो. 'तुम्हाला ही मदत का मिळावी, ३०० शब्दांत लिहा.' वर पाच दाखले, दोन शिफारसपत्रं, शिवाय वार्षिक कार्यक्रमाला हजर राहून मनोगत व्यक्त करण्याची अट. पुढच्या वेळी असा फॉर्म समोर आला तर त्यातला प्रत्येक रकाना वाचून एवढंच विचारा, की ही माहिती मदत पोचवायला लागतेय की आपल्याला बरं वाटायला? आणि पैसे फीच्या तारखेच्या आधी पोचतायत का? आपल्या बाजूने उशीर झाला तर काय, हे कुठे लिहिलंय का?

एखादा रकाना खोडता आला तर खोडा. ३९ जणांनी एकदा पुण्यात तेच केलं होतं.

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार आहे आणि सकाळी नऊला कॉल.